नंबर पुसलेला जुना प्रोसेसर: ओळखायचा कसा आणि न जाळता तपासायचा कसा

जुन्या बोर्डांच्या ढिगात, भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा कुणाच्या तरी माळ्यावरच्या डब्यात बरेचदा एक लांबडी ४० पायांची चिप सापडते आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. कधी छपाई उडालेली असते, कधी आपलं डिझाइन कुणी उचलू नये म्हणून बोर्ड बनवणाऱ्यानेच नंबर घासून टाकलेला असतो, तर कधी वर स्वतःच्या कंपनीचा खासगी नंबर टाकलेला असतो जो कुठल्याच डेटाबुकात सापडत नाही. आत झेड-८० असेल, ६५०२ असेल, ८०८५ असेल, किंवा मग तो प्रोसेसर नसून साधी ८२५५ पोर्टची चिप पण निघू शकते, कारण त्या काळात ४० पायांचं पॅकेज सगळ्यांनीच वापरलंय.

नवीन माणूस इथे काय करतो तर नेटवरून झेड-८० चा पिनआउट म्हणजे कुठल्या पायावर काय आहे त्याचा नकाशा काढतो, ब्रेडबोर्डवर चिप बसवतो आणि सरळ ५ व्होल्ट देऊन टाकतो. असं करू नका. या सगळ्या लेखाचा एकच नियम आहे: ग्राउंड कुठे आहे हे चिपनेच दाखवेपर्यंत तिला पॉवर द्यायची नाही, आणि दिली तरी करंटला लगाम घालूनच द्यायची. झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये ४० पायांच्या झेड-८० चं उत्पादन थांबवत असल्याचं कळवलं आणि त्याच वर्षी जूनपर्यंतच शेवटच्या ऑर्डरी घेतल्या, म्हणजे आता जे जुने नग शिल्लक आहेत तेच आहेत, त्यातला एकही घाईत घालवायचा नाही.

इथे मी मुख्यतः १९७४ ते १९९० च्या आसपासच्या ४० पायांच्या चिपबद्दल लिहितोय. चौकोनी, खाली पिनांचं जंगल असलेल्या ३८६-४८६ बद्दल पुढे थोडंसं आहे.

सामान काय लागेल

डायोड मोड असलेला डिजिटल मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, भिंग, ४.७ के चे रेझिस्टर मूठभर, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन-तीन कपॅसिटर, १ मेगाहर्ट्झचा तयार ऑसिलेटर म्हणजे तो छोटा पत्र्याचा डबा, काही बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एलईडी आणि करंट लिमिट लावता येणारा बेंच सप्लाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलात तर यातलं बहुतेक सगळं मिळून जातं. बेंच सप्लाय नसेल तर मोबाइलच्या चांगल्या ५ व्होल्टच्या चार्जरच्या वाटेत ४७ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर घालून सुरुवात करता येते, पुढे सांगतो. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय मात्र या कामाला घेऊ नका, तो शॉर्टमध्ये सुद्धा कितीतरी अँपिअर ओतत राहतो आणि तोपर्यंत आपली चिप गेलेली असते.

स्टॅटिकची काळजी घ्या. पावसाळ्यात फारसं जाणवत नाही पण उन्हाळ्यात विदर्भात किंवा एसी लावलेल्या खोलीत हवा कोरडी होते आणि सिंथेटिक कपड्यांवरून हाताला चार्ज येतो. मनगटाला लावायचा तयार पट्टा घ्या, त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, त्याऐवजी नुसती उघडी वायर हाताला बांधून अर्थिंगला जोडणं धोक्याचं आहे. आणि जुन्या पायांवर शिशाचं सोल्डर असतं म्हणून काम झालं की हात साबणाने धुवा, मधेच काही खाऊ नका.

आधी नुसती बघा

चिप बोर्डवरच असेल तर ती काढायच्या आधी बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे कारण बोर्ड जेवढं सांगतो तेवढं चिप एकटी कधीच सांगत नाही. चिपच्या कुठल्या पायाला जाड ग्राउंडचा पट्टा येतोय आणि कुठल्या पायाजवळ छोटा कपॅसिटर लावलाय हे दिसलं की अर्धं काम तिथेच झालं. मग क्रिस्टल बघा. ६.१४४ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असेल तर ८०८५ चा दाट संशय घ्या, कारण तो आत भागिले २ करून ३.०७२ वर चालतो. १४.३१८ असेल आणि बाजूला ८२८४ नावाची चिप असेल तर ८०८८, त्याचे भागिले ३ केले की आयबीएम पीसीचे ते ४.७७ मेगाहर्ट्झ येतात. ११.०५९२ दिसलं तर बहुतेक ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर. शेजारी ८२२४ आणि ८२२८ ही जोडी असेल तर तुमच्या हातात ८०८० आहे, आणि मग या लेखातली पॉवर देण्याची कृती त्याला लागू नाही, का ते खाली येईल.

चिप सुटी असेल तर तिरक्या उजेडात धरा, मोबाइलचा टॉर्च अगदी बाजूने मारा आणि चिप हळूहळू फिरवा. उडालेल्या छपाईच्या जागी प्लास्टिकची चमक जरा वेगळी असते. तोंडाने गरम वाफ सोडायची, चष्मा पुसताना सोडतो तशी, आणि त्या दोन-तीन सेकंदांत वाफ उडताना पुसलेली अक्षरं कधीकधी स्पष्ट उमटतात, हे इतकं पटकन होतं की मोबाइलवर व्हिडिओ लावूनच करा. पांढरा खडू हलक्या हाताने फिरवून बोटाने पुसला तरी कोरलेल्या खुणा भरतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायला हरकत नाही पण आधी एका कोपऱ्यात करून बघा, जुनी शाई निघूनही येते. अ‍ॅसिटोन फक्त एका कारणासाठी: वरचा भाग नंतर काळा रंगवलाय अशी शंका असेल तर कानकोरण्याच्या कापसावर थोडं घेऊन कडेला घासा, कापूस काळा झाला तर कुणीतरी जुना नंबर झाकलाय. सॅंडपेपर, कानस, आम्ल यांच्या जवळपासही जाऊ नका. नेटवर नायट्रिक अ‍ॅसिडने चिप उघडून आतला डाय म्हणजे सिलिकॉनचा तुकडा बघणारे लोक दिसतात, ते त्यांच्या लॅबमध्ये धुराच्या सोयीसकट करतात, घरच्या गॅलरीत करायचं काम नाही ते.

खालची बाजू बघायला विसरू नका. तिथे साच्यातच उमटलेलं देशाचं नाव असू शकतं, आणि चार आकडे असतील तर तो बहुधा तारखेचा कोड: ८४३१ म्हणजे १९८४ चा ३१ वा आठवडा. इथे एक गंमत लक्षात ठेवा, ८०८५ हा तारीख असूच शकत नाही कारण ८५ वा आठवडा नसतो, पण ८०३१ हा १९८० चा ३१ वा आठवडाही असू शकतो आणि ८०३१ नावाचा मायक्रोकंट्रोलरही असू शकतो. तारीख पक्की असेल तर बरेच उमेदवार आपोआप बाद होतात: ६५०२ आला १९७५ ला, झेड-८० आणि ८०८५ आले १९७६ ला, ८०८६ आला १९७८ ला आणि ८०८८ १९७९ ला.

आता पट्टी नाहीतर व्हर्निअर घ्या आणि एका रांगेतल्या पहिल्या पायाच्या मध्यापासून विसाव्या पायाच्या मध्यापर्यंत मोजा. ४८.२६ मिलिमीटर आलं तर अमेरिकन-जपानी माप, म्हणजे दोन पायांत २.५४. पण ४७.५ आलं तर पायांमधलं अंतर २.५ मिलिमीटर आहे आणि चिप बहुतेक सोव्हिएत किंवा पूर्व जर्मन. पूर्व जर्मनीत यू८८० नावाने झेड-८० ची नक्कल बनायची. मला ही खूण फार आवडते कारण नंबर घासता येतो, साच्याचं माप नाही घासता येत. अशी चिप ब्रेडबोर्डात कोंबू नका, टोकाचे पाय वाकतात, थोडं ढिलं सॉकेट घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. पांढऱ्या सिरॅमिकची, सोनेरी झाकणाची चिप मिळाली तर ती सोनं काढणाऱ्याला देण्याआधी ओळखून घ्या. तिच्यातून निघणारं सोनं नगण्य असतं आणि सुरुवातीच्या काळातली चिप असेल तर ती एकदा वितळली की गेलीच.

मल्टिमीटरने ग्राउंड शोधायचं

चिप उचलून अशी धरा की खाच वर येईल, डावीकडे वरचा पाय १, तिथून खाली २० पर्यंत, मग उजवीकडे खालचा २१ आणि वर जात ४०. पॉवर अजून कुठेच नाही.

मागचं तत्त्व सोपं आहे. त्या काळच्या एनमॉस, म्हणजे जुन्या, जास्त करंट खाणाऱ्या जातीच्या चिपमध्ये सिलिकॉनचा पाया म्हणजे सबस्ट्रेट बहुतेक वेळा ग्राउंडला जोडलेला असतो आणि प्रत्येक पायाकडे जाताना त्या पायापासून एक नैसर्गिक डायोड तयार होतो. म्हणून मीटर डायोड मोडवर ठेवा, लाल प्रोब एका पायावर धरून ठेवा आणि काळा प्रोब बाकी सगळ्यांवरून एक-एक करत फिरवा. ज्या पायावर लाल ठेवल्यावर जवळजवळ सगळीकडे ०.५ ते ०.८ च्या आसपास आकडा येतो आणि प्रोब उलटे केल्यावर येत नाही, तो पाय सबस्ट्रेटचा. कागदावर ४० ओळींचा तक्ता करून आकडे लिहा, डोक्यात ठेवायचा प्रयत्न केलात तर वीस पाय झाले की गोंधळ होणार.

आता आलेला पाय खालच्या माहितीशी ताडून बघा:

२९ आला तर झेड-८०, त्याचे ५ व्होल्ट ११ वर.
१ आणि २१ दोन्ही आले आणि एकमेकांत बीप वाजली (म्हणजे दोन्ही आतून थेट जोडलेले) तर ६५०२ किंवा मोटोरोलाचा ६८००, दोघांचे ५ व्होल्ट ८ वर.
नुसता १ आला तर ६८०९ असू शकतो, ५ व्होल्ट ७ वर. पण ६५२२, ६८२१ आणि ६८४५ या पोर्ट आणि डिस्प्लेच्या चिपचंही ग्राउंड १ वरच असतं, त्यांचे ५ व्होल्ट २० वर.
२० आला तर ८०८५, पण ८०४८, ८०५१, ८२५० यांचंही तेच, सगळ्यांचे ५ व्होल्ट ४० वर.
१ आणि २० एकमेकांत बीप करतात तर ८०८६ किंवा ८०८८, ५ व्होल्ट ४० वर.
७ आला तर ती ८२५५, प्रोसेसर नाही.
११ आला तर थांबा.

११ ला थांबायचं ते अशासाठी की ८०८० ला तीन सप्लाय लागतात: २० वर अधिक ५, २८ वर अधिक १२, आणि ११ वर उणे ५, ग्राउंड पाय २ वर. त्याचा सबस्ट्रेट ग्राउंडला नसून त्या उणे ५ ला जोडलेला असतो, म्हणून मीटरवर ११ नंबर पाय ग्राउंडसारखा वागतो. आता विचार करा, कुणी याला झेड-८० समजून ११ वर अधिक ५ दिले तर काय होईल, चिपमधले सगळे डायोड एकदम सुलट होतात आणि करंट मिळेल तेवढा वाहतो. चालवायचाच असेल तर उणे ५ सगळ्यात आधी द्यायचे आणि सगळ्यात शेवटी काढायचे, वर क्लॉक (चिपला ठेका देणारा सिग्नल) पण १२ व्होल्टचा आणि दोन फेजचा लागतो. नवशिक्याने ८०८० ओळखून जपून ठेवावा, तपासणी नंतर कधीतरी. तसंच ११ चा अर्थ दरवेळी ८०८० च असंही नाही, झेड-८० च्या जोडीला येणाऱ्या पीआयओ चिपचं साधं ग्राउंड ११ वर असतं आणि ५ व्होल्ट २६ वर. दोन्ही कारणांनी ११ आला की पॉवर नाही.

एक अडचण येते ती म्हणजे ८०८६-८८ सारख्या चिपच्या पोटातच सबस्ट्रेटला उणे व्होल्टेज पुरवणारा एक छोटासा पंप असतो, तिथे सबस्ट्रेट थेट ग्राउंडला नसल्यामुळे हे डायोड नीट दिसत नाहीत. म्हणूनच त्यांच्यासाठी १ आणि २० मधली बीप जास्त भरवशाची. आकडे अर्धवट येत असतील, काही पायांवर येतात काही नाही, तर त्यावरून निर्णय घेऊ नका, बोर्डच्या फोटोकडे परत जा.

पॉवर, पण लगाम लावून

समजा सगळ्या खुणा झेड-८० कडे जातायत. चिप ब्रेडबोर्डवर बसवा, पाय आत मुडपला नाही ना हे बाजूने बघा, २९ ला ग्राउंड, ११ ला सप्लायचं अधिक टोक, आणि या दोघांमध्ये शक्य तितका जवळ ०.१ चा कपॅसिटर. बाकी सगळे पाय मोकळे. सप्लाय ५ व्होल्टवर, करंट लिमिट ५० मिलिअँपवर.

चालू केल्यावर व्होल्टेज ०.७ च्या आसपासच अडकलं तर तुम्ही कुठलातरी डायोड सुलट केलाय, म्हणजे पाय चुकले किंवा चिप उलटी बसली, लगेच बंद करा, एवढ्या करंटमध्ये सहसा काही बिघडत नाही. व्होल्टेज शून्याजवळ राहिलं तर आत शॉर्ट. आणि व्होल्टेज दोन-तीन व्होल्टपर्यंत चढून तिथे थांबलं तर लक्षण चांगलं आहे, चिपला फक्त ५० पेक्षा जास्त हवेत. लिमिट हळूहळू वाढवा. डेटाशीटमध्ये एनमॉस झेड-८० ला जास्तीत जास्त १५० मिलिअँप आणि झेड-८०ए ला २०० दिलेत, प्रत्यक्षात चांगली चिप बरीच कमी घेते. ८०८८ मात्र ३४० पर्यंत जाऊ शकतो. चार्जर आणि ४७ ओहमवाले असाल तर रेझिस्टरच्या दोन टोकांत व्होल्टेज मोजा आणि ४७ ने भागा, करंट मिळाला, आणि खात्री पटल्यावरच रेझिस्टर काढून थेट जोडा.

याच टप्प्यावर एक सुंदर गोष्ट कळते. अजून क्लॉक दिलेलाच नाहीये, तरी एनमॉस चिप जवळपास पूर्ण करंट खाते कारण तिच्यातले लोड ट्रान्झिस्टर कायम वाहत असतात. सीमॉस, म्हणजे कमी करंटवर चालणाऱ्या जातीची चिप क्लॉकशिवाय जवळजवळ काहीच घेत नाही. म्हणजे आकडा एक-दोन मिलिअँपच्या आत असेल तर चिप मेली असं लगेच समजू नका, ती सीमॉस असेल.

बोट ठेवून बघा. कोमट होणं ठीक, एनमॉस तापतेच. काही सेकंदांत बोट ठेववत नसेल तर बंद.

खरी परीक्षा: चिपला मोजायला लावा

प्रोसेसर जिवंत आहे हे बघायला रॉम लागत नाही, रॅम लागत नाही, काहीच लागत नाही. डेटा बसवर, म्हणजे डेटाच्या आठ पायांवर, कायम "काही करू नकोस" ही सूचना ठेवायची, नॉप म्हणतात तिला, आणि प्रोसेसर बिचारा एकामागून एक पत्ता वाचत ० पासून ६५५३५ पर्यंत जातो, परत शून्यावर येतो. आपण त्याच्या अ‍ॅड्रेसच्या पायांवर ती मोजणी बघायची.

झेड-८० साठी नॉप म्हणजे सगळे बिट शून्य. डेटाचे पाय ७, ८, ९, १०, १२, १३, १४, १५, प्रत्येकाला आपापला ४.७ के चा रेझिस्टर लावून ग्राउंडला न्या. थेट वायरने ग्राउंड करू नका. रेझिस्टरच का, तर अंदाज चुकला आणि तो पाय आउटपुट निघाला तरी ५ भागिले ४७०० म्हणजे जेमतेम १ मिलिअँप वाहील आणि कुणालाच इजा होणार नाही, ओळख न पटलेल्या चिपला हात लावायचा तो असाच. मग १६, १७, २४, २५ म्हणजे इंटरप्ट, एनएमआय, वेट आणि बसरिक्वेस्ट हे सगळे ४.७ के मधून ५ व्होल्टला. हे मोकळे सोडले तर चिप कधी चालते कधी चालत नाही आणि माणूस वेडा होतो. रिसेट २६ वर: १० के मधून ५ व्होल्टला, १० मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि कपॅसिटरला समांतर एक बटण, बटणाच्या वाटेत १०० ओहम.

क्लॉक पाय ६ वर, ऑसिलेटरपासून १०० ओहममधून. ऑसिलेटर जुना टीटीएलवाला असेल तर त्याच्या आउटपुटला ३३० ओहमने ५ व्होल्टकडे ओढा कारण झेड-८० ला क्लॉकची वरची पातळी सप्लायच्या अगदी जवळ हवी असते. बटण दाबून हाताने एक-एक क्लॉक द्यायची कल्पना मोहात पाडते पण ती सीमॉससाठी. एनमॉस चिप आपली माहिती इवल्याशा चार्जच्या रूपात धरून ठेवते, क्लॉक फार हळू झाला की तो चार्ज गळून जातो आणि चांगली चिप खराब असल्यासारखी वागते.

आता ए१५, म्हणजे अ‍ॅड्रेसचा सगळ्यात वरचा बिट, पाय ५ वर बघायचा. एलईडी थेट लावू नका, झेड-८० च्या आउटपुटमध्ये तेवढी ताकद नाही. पायापासून १० के, तिथून बीसी५४७ चा बेस, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला ४७० ओहम आणि एलईडी. एका नॉपला ४ क्लॉक लागतात, ६५५३६ गुणिले ४ म्हणजे २,६२,१४४ क्लॉक, १ मेगाहर्ट्झला साधारण पाव सेकंद. म्हणजे एलईडी सेकंदाला चारच्या किंचित खाली लुकलुकणार. थोडा मंद दिसला तर घाबरू नका, झेड-८० प्रत्येक सूचनेचा अर्धा वेळ अ‍ॅड्रेस बसवर मेमरी रिफ्रेशचा पत्ता टाकतो आणि तेव्हा ए१५ शून्य असतो. पाय ४ वरचा ए१४ याच्या दुप्पट वेगाने, पाय ३ वरचा त्याच्या दुप्पट, पुढे डोळ्याला कळत नाही, तिथे मीटर डीसी व्होल्टवर लावा, सतत शून्य किंवा सतत पूर्ण व्होल्टेज न येता मधलाच आकडा आला तर पाय हलतोय. सोळाच्या सोळा पाय तपासा, एखादाच अडकलेला असतो आणि तोच राहून जातो.

एवढ्यावरही हा झेड-८० च आहे याचा पक्का पुरावा हवा असेल तर मला सगळ्यात आवडणारी चाचणी करा. झेड-८० मध्ये थांबण्याची सूचना (हॉल्ट) म्हणजे हेक्समध्ये, सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, ७६. त्यासाठी पॉवर बंद करून डेटाचे बिट डी१, डी२, डी४, डी५, डी६, म्हणजे पाय १५, १२, ७, ९ आणि १०, यांचे रेझिस्टर ग्राउंडवरून काढून ५ व्होल्टला लावा. पाय १८ वर दुसरा एलईडी आणि ट्रान्झिस्टर. पॉवर द्या आणि रिसेट दाबून सोडा: बटण दाबलेलं असताना १८ चा एलईडी पेटतो, सोडलं की विझतो आणि ए१५ चं लुकलुकणं थांबतं. नाव नसलेल्या चिपने आपली सूचना वाचली, समजून घेतली आणि मान्य केली.

६५०२ असेल तर नॉप म्हणजे हेक्समध्ये ईए, म्हणजे डी७, डी६, डी५, डी३, डी१ वर (५ व्होल्टला) आणि डी४, डी२, डी० खाली (ग्राउंडला), सगळे ४.७ के मधून. डी७ पाय २६ वर आणि तिथून क्रमाने डी० पाय ३३ वर. १ आणि २१ मध्ये बीप आली असेल तर दोन्ही ग्राउंड, नाही आली तर फक्त २१, कारण डब्ल्यूडीसीच्या नव्या ६५सी०२ मध्ये पाय १ हे आउटपुट आहे. २, ४, ६, ३६, ३८ हे ४.७ के ने ५ व्होल्टला ओढा, रिसेट ४० वर, क्लॉक ३७ वर. क्लॉक देताच ३ आणि ३९ वर क्लॉक बाहेर आला तर ६५०२ पक्का. ६८०० असता तर ३ हे इनपुट असतं, तिथून काही बाहेर आलं नसतं. इथे नॉपला दोनच क्लॉक लागतात म्हणून पाय २५ वरचा ए१५ सेकंदाला सात-आठ वेळा लुकलुकतो.

८०८५ आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतो कारण महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं त्याचेच ट्रेनर किट होते. त्याला बाहेरचा ऑसिलेटर लागत नाही, पाय १ आणि २ मध्ये २ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा, पाय ३७ वर त्याचा निम्मा क्लॉक मिळतो. नॉप इथेही शून्य, १२ ते १९ हे ४.७ के ने खाली. ६ ते १० आणि ३९ पण खाली ओढा, विशेषतः ६ वरचा ट्रॅप नावाचा इंटरप्ट, तो कुठल्याही सूचनेने बंद करता येत नाही. ३५ ला ५ व्होल्टकडे ओढा, रिसेट पाय ३६ वर. बटण दाबलं की पाय ३ ची पातळी वर जाते आणि सोडलं की खाली येते, हे ८०५१ करणार नाही. मोजणी पाय २८ वर बघा, पुन्हा सेकंदाला चारच्या जवळपास. खालचे आठ अ‍ॅड्रेस डेटाबरोबर एकाच पायांवर येतात म्हणून तिथे वेळ घालवू नका.

८०८८ ची नॉप ९० आहे पण त्याला २ मेगाहर्ट्झच्या खाली चालवायचं नाही आणि क्लॉक एक तृतीयांश वेळच वर असावा लागतो, त्यामुळे ८२८४ सकट जुन्या बोर्डवर तपासणं जास्त शहाणपणाचं.

चौकोनी चिपसाठी ब्रेडबोर्डचा नाद सोडा. पिना मोजा: ६८ असतील तर २८६ चा काळ, १३२ तर ३८६, १६८ तर ४८६. ४८६ मध्ये ५ व्होल्टवाले आणि ३.३ व्होल्टवाले दोन्ही आहेत, म्हणून ज्या मदरबोर्डवर जंपरने व्होल्टेज बदलतं असाच घ्या आणि नेहमी ३.३ वरून सुरुवात करा. कमी व्होल्टेजने चिप चालणार नाही एवढंच होईल.

नॉप पास झाली, पुढे काय

नॉपने फक्त मोजणी आणि अ‍ॅड्रेसचे पाय तपासले. बेरीज-वजाबाकी, फ्लॅग, रजिस्टर यातलं काहीच कळलेलं नाही. त्यासाठी चालू स्थितीतला ट्रेनर किट किंवा सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारं साधं झेड-८० चं बोर्ड लागतं. झेक्सडॉक आणि झेक्सऑल नावाचे प्रोग्राम एकेक सूचना असंख्य आकड्यांवर चालवून बघतात, तासनतास लागतात, लावून ठेवा आणि आपली कामं करा. बोर्ड कुठलंही घ्या पण तुमची जिवापाड जपलेली मशीन या कामाला लावू नका, अनोळखी चिप आधी स्वस्त बोर्डावर.

त्याच बोर्डवर एनमॉस-सीमॉसची पण खात्री होते. झेड-८० मध्ये ईडी ७१ ही कागदोपत्री नसलेली सूचना आहे, ती पोर्टवर एक बाइट पाठवते: एनमॉस चिप ०० पाठवते, सीमॉस एफएफ.

वेग मात्र सांभाळून ठरवा. झेड-८० हे २.५ मेगाहर्ट्झचे, ए म्हणजे ४, बी म्हणजे ६, एच म्हणजे ८. तुमची चिप खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं ६ वर चालली म्हणजे ती बी झाली असं नाही, कंपनी पूर्ण तापमानात आणि कमी-जास्त व्होल्टेजवर तपासून ते अक्षर द्यायची. जेवढं पाहिलंत तेवढंच लिहा. चिप काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचा, थर्माकोलमध्ये अजिबात नाही, आणि चिठ्ठी चिपवर न चिकटवता डबीवर लावा: एनमॉस झेड-८० जातीची, पायांमधलं अंतर अमुक, करंट इतके मिलिअँप, नॉप आणि हॉल्ट पास, अमुक मेगाहर्ट्झवर झेक्सडॉक पास, तारीख. विकत किंवा बदल्यात दिलीत तर हीच चिठ्ठी सोबत द्या, घेणाऱ्याला छापलेल्या नंबरापेक्षा तिचा जास्त उपयोग होतो.